परतीच्या तिकिटावरचं नाव

क्रूझवरून येऊन महिना होत आला, तरी दुकानात येणारा माणूस नळाचा भाव विचारण्याआधी विचारतो, "काय शेठ, मजा आली ना?" मी सांगतो, पाय दुखले. लोकांना वाटतं, मी काहीतरी लपवतोय. म्हणून एकदाच नीट लिहून काढतो. ज्यांना जायचं असेल त्यांनी जरूर जावं, पण आधी हे वाचावं.

माझं भांडुपला बाथरूम फिटिंगचं दुकान आहे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळा सोडली आणि पिशवीत नळ आणि वॉशर भरून प्लंबर लोकांची दारं धरली. आज कंपनीचा सेल्समन माझ्याकडे यायच्या आधी बाहेर उभा राहून पाणी पितो. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जे झालं त्यात हा स्वभावच आडवा आला, म्हणून सांगतो.

कंपनीने डीलर लोकांसाठी स्कीम काढली होती. वर्षाचं टार्गेट पुरं करा आणि जोडीने क्रूझला चला. फेब्रुवारीपर्यंत आमच्या पट्ट्यात मी पहिला होतो. मार्चमध्ये घाटकोपरच्या जिग्नेशने भांडुपच्याच एका बिल्डरला माल दिला. बिल्डर माझा, साइट माझ्या दुकानावरून दिसते, आणि टेम्पो आला घाटकोपरहून. जिग्नेश पहिला झाला. पहिल्याला बाल्कनीची केबिन, दुसऱ्याला आतली. आतली म्हणजे जिला खिडकीच नाही. समुद्रावर जायचं आणि समुद्र बघायला लिफ्टने वर जायचं. मी कंपनीत तीनदा फोन केला. "शेठ, स्कीम म्हणजे स्कीम," असं उत्तर मिळालं.

त्यात आमच्या अर्चनाचे दिवस भरत आले होते. मुलगी मुलुंडला दिली आहे. बाळ आडवं होतं म्हणून डॉक्टरांनी सिझेरियनसाठी रविवार सकाळ ठरवली, आणि जहाज सिंगापूरला परत लागणार होतं त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी. बायको म्हणाली, मी येत नाही. अर्चना म्हणाली, "आई, तू जा गं, तू कधी कुठे गेली नाहीस. फक्त शनिवारी घरी ये." कंपनीची मंडळी आणखी दोन दिवस सिंगापुरात खरेदीला थांबणार होती. मी लेकीला शब्द दिला, शनिवारी रात्रीचं जेवण तुझ्या घरी. आणि आम्हा दोघांचं परतीचं तिकीट माझं मी वेगळं काढलं, स्टेशनजवळच्या तिकिटवाल्या मनोजकडून, चांगली घासाघीस करून.

सिंगापूर

बंदरावर इतकं चालावं लागतं की आपण जहाजाने जातोय की पायी, असं वाटतं. रांग, पट्टा, कागद, परत रांग. जहाज जवळून बघितलं तर जहाज वाटतच नाही. मुलुंडला हायवेवरून दिसणारे नवे टॉवर आडवे करून ठेवावेत, तसं दिसतं. आत गालिचे, पितळी कठडे आणि फ्रीजसारखी थंडी. आमच्या केबिनमध्ये दिवा बंद केला की स्वतःचा हात दिसत नाही. बाथरूम मात्र मी नीट तपासलं. शॉवरचा पाइप दोन ठिकाणी सैल होता.

आमच्या मजल्यावर झाडलोट करायला फिलिपिन्सचा एक पन्नाशीचा माणूस होता. त्याने दार वाजवलं, कमरेत वाकला आणि म्हणाला, "वेलकम, मिस्टर दत्ताराम. वेलकम, मिस हेमलता."

मी मागे वळून बघितलं, चुकून दुसरी कोणी बाई आत आली की काय. बायको हसत होती. "मीच ती," म्हणाली.

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं. माझ्या आईने ठरवलं होतं, दत्तारामशी जुळेल असं, दर्शना. मीच लिहिलं. तेव्हापासून भांडुपच्या चाळीत, नंतर बिल्डिंगमध्ये, ती सगळ्यांची दर्शनावहिनी. पण पासपोर्ट निघाला शाळेच्या दाखल्यावरून. एजंट आला, सह्या घेऊन गेला, मी पासपोर्ट उघडून फोटो कसा आलाय एवढंच बघितलं. जहाजाच्या कार्डावर पासपोर्टातलं नाव होतं.

पहिल्या संध्याकाळपासून तेच सुरू झालं. जेवणाच्या टेबलावर वाढपी, दारातला, लिफ्टमधला, जो तो कार्ड बघून मिस हेमलता. आणि ती दर वेळी मान वर करून हसणार. मला ते खुपलं. का खुपलं ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पेनांग

दुसऱ्या दिवशी दुपारी पेनांगला उतरलो. जहाजावर जेवणाचे डोंगर असतात, पण मासा खाल्ला तर तो मैद्यात गुंडाळून तळलेला, चव हरवलेला. जिग्नेशच्या मंडळींना जैन जेवणाचा वेगळा काउंटर होता. तिथली कढी बरी असते असं कानावर आलं, पण मी तिथे जाणार नव्हतो.

पेनांगला रस्त्याच्या कडेला एक बाई मोठ्या पातेल्यातून जाड शेवयांवर कढण ओतत होती. वासाने बायको थांबली. दोन वाडगे घेतले. बांगडा कुस्करून घातलेला, आंबट, तिखट, वरून पुदिना आणि अननसाचे तुकडे. बायकोने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"अहो, हिने आमसूल घातलंय."

"इथे कुठलं आमसूल. चिंच असेल."

"चिंच आहेच. पण दुसरं काहीतरी आहे." ती उठली आणि सरळ पातेल्याजवळ गेली. भाषा येत नाही, इंग्रजी तोडकं. दोघी हातवारे करत होत्या. बाईने बरणीतून वाळलेल्या आंबट फोडी काढून हातावर ठेवल्या. बायकोने एक चावून बघितली. कोकमाची लांबची बहीण असावी. मग हिने तिला हाताने दाखवलं की आम्ही बांगडा असा अख्खा टाकतो, कुस्करत नाही. बाईला ते पटलं नाही. दोघी बराच वेळ भांडल्यासारख्या बोलत होत्या, आणि निघताना बाईने विचारलं, "युवर नेम?"

"हेमलता," बायको म्हणाली, न थांबता.

परतताना मी म्हणालो, "तुला मजा वाटतेय ना त्या नावाची."

"माझंच नाव आहे हो," ती म्हणाली. "चोरीचं नाही."

फुकेत

फुकेतला जहाज किनाऱ्याला लागत नाही. छोट्या होड्यांतून नेतात. किनाऱ्यावर टोप्या विकणाऱ्या एका बाईशी मी पाऊण तास भाव केला. ती कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायची, मी खोडून माझा टाकायचो. ती कपाळाला हात लावायची, मी चालायला लागायचो, ती हाक मारायची. पुऱ्या सहलीत मला बरं वाटलं ते एवढंच. टोपी घेतली तेव्हा दोघंही घामाघूम होतो आणि तिने मला वर एक केळं दिलं.

विमानाचं ऑनलाइन चेक-इन दोन दिवस आधी सुरू होतं. जहाजावरचं इंटरनेट सोन्याच्या भावाने विकतात, ते मी घेतलं नव्हतं. म्हणून शहाळी विकणाऱ्या एका हॉटेलात बसलो, कारण बाहेर फुकट वायफायची पाटी होती. माझं नाव आलं, पासपोर्टाचा फोटो काढला, हिरवी खूण उमटली. मग बायकोचं. पासपोर्टाचा फोटो काढला, लाल अक्षरं आली. कॅमेरा पुसून परत काढला. परत लाल. उन्हात नेऊन काढला.

बायकोने खांद्यावरून वाकून बघितलं. "तिकिटावर दर्शना लिहिलंय."

"मग काय लिहिणार?"

"पासपोर्टात हेमलता आहे."

मी फोन खाली ठेवला. नळाच्या बिलात एक वॉशर जास्त लागला तर पकडणारा माणूस मी. दोन दिवस जहाजावर उठता-बसता ते नाव ऐकत होतो, आणि डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही तिकीट मला दाखवलंत कधी?"

मनोजला व्हॉट्सअॅपवर फोन लावला आणि सुरुवातच शिवीने केली. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शेठ, मी पासपोर्टाची कॉपी मागितली होती. तुम्ही गिऱ्हाइकात होता. म्हणालात, कॉपी-बिपी नंतर, नाव सांगतो ते टाक आणि आधी भाव कमी कर."

"आता बदलून दे."

"एखाददुसरं अक्षर असतं तर करून दिलं असतं. अख्खं नाव बदलत नाहीत. दोन्ही नावं एकाच बाईची, असा काही पुरावा आहे का? लग्न रजिस्टर केलंय?"

तेव्हा कोण रजिस्टर करत होतं? गावच्या देवळासमोर मांडव, दोनशे माणसं जेवली, झालं लग्न. आता तांदळाच्या ताटाचा पुरावा कुठून आणू?

"असंच काउंटरवर गेलो तर?"

"वहिनींना विमानात चढू देणार नाहीत, शेठ. तुमचं झालंय ना? तुम्ही येऊ शकता."

त्याच्या ह्या बोलण्यावर मी इतका ओरडलो की शहाळंवाल्याने वायफायची पाटी उलटी केली. तेवढ्यात होडीची शेवटची हाक झाली. मला अजून भांडायचं होतं. बायकोने दंड धरून मला होडीत बसवलं. वाटेत ती एकदाच म्हणाली, "अर्चनाला काय सांगायचं?"

समुद्रात

चौथा दिवस नुसत्या समुद्राचा. नकाशावर छान दिसतो, पण अंगाला जड जातो. लोक आडवे पडून असतात, मध्येच उठून खातात, परत आडवे होतात. रात्रभर मला झोप नव्हती. त्या बिनखिडकीच्या पेटीत सकाळ झाली की नाही हेही घड्याळात बघावं लागतं.

नाश्ता न करता मी खाली काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीला सांगितलं की मला दिवसभराचं इंटरनेट नको, अर्ध्या तासाचं दे, त्याचे पैसे घे. ती हसून म्हणाली, तसं नसतं. मी म्हणालो, मॅनेजरला बोलाव. मॅनेजर आला, तोही हसला. फुकेतच्या टोपीवालीला निदान राग तरी येत होता. ह्यांना येत नाही. हसऱ्या माणसाशी भाव करता येत नाही, हे मला पंचावन्नाव्या वर्षी समजलं. शेवटी कार्ड काढलं, तर बँकेचा ओटीपी भांडुपच्या सिमवर, आणि ते सिम समुद्रात मेलेलं.

वर केबिनमध्ये आलो तर बायको नाही. जेवणाच्या हॉलमध्ये नाही, डेकवर नाही. झाडणारा फिलिपिनो भेटला. त्याने वर बोट केलं. "मिस हेमलता, बाल्कनी साइड."

जिग्नेशच्या केबिनचं दार उघडंच होतं. बाल्कनीत वेताच्या खुर्चीवर बायको बसली होती, केस वाऱ्यावर, हातात जिग्नेशचा फोन, आणि फोनमध्ये आमची अर्चना. मी दारातच थांबलो. समोर सगळा समुद्र. मला तो बघायचा नव्हता, तरी दिसला.

"आवो, दत्ताभाई," जिग्नेश म्हणाला. "बसा. ढोकळा घ्या, घरचा आहे. भाभीने सांगितला मला. एवढी मोठी गोष्ट, आणि तुम्ही आला नाय?"

"तुझ्याकडे?"

"मग कोणाकडे? माझ्याकडे इंटरनेट फुकट आहे, कंपनीने दिला."

त्याला इंटरनेटसुद्धा फुकट होतं, हे मला तिथे कळलं. मी ढोकळा घेतला नाही.

फोनवर अर्चना सांगत होती, "आई, विमान भरलंय. एकच सीट दाखवतंय, अगदी पुढची. घेऊ?"

"घे," बायको म्हणाली.

"थांब," मी म्हणालो. "आधीच्या तिकिटाचं काय? मी त्यांच्याशी बोलतो. एकाच बाईची दोन तिकिटं कशी घ्यायची? वरच्या माणसाशी बोललं की सगळं होतं. मला त्यांचा नंबर मिळवून दे."

"बाबा, एकच सीट आहे."

"असं ते सगळेच सांगतात. मीही सांगतो, शेवटचा पीस आहे म्हणून."

बायकोने माझ्याकडे वळून बघितलं. जिग्नेशसमोर, त्याच्या बायकोसमोर, लेकीच्या समोर. आवाज चढवला नाही.

"तुम्ही आता गप्प बसा. पोरगी पोट धरून बसलीय तिकडे. तुमचं तिकीट आहे, तुम्ही पोचाल. मला पोचायचंय."

जिग्नेश समुद्राकडे बघायला लागला. त्याचा समजूतदारपणा मला त्या वेळी जास्त टोचला.

तिकीट निघालं. मग जिग्नेशच्या फोनवर बायकोने स्वतःच चेक-इन केलं. एका बोटाने, एकेक अक्षर बघून. पासपोर्टाचा फोटो तिने बाल्कनीच्या उजेडात काढला. हिरवी खूण आली तेव्हा तिने फोन जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"काय पाहिजे अजून?" जिग्नेशने विचारलं.

"काही नको, भाऊ." मग ती मला म्हणाली, "तो ढोकळा खा. चांगलाय."

खाल्ला. चांगला होता. पण बिल्डरचं मी विसरलेलो नाही, आणि तसं जिग्नेशला सांगूनही आलो. तो म्हणाला, "तुम्ही विसरणार पण नाय, मला माहीत आहे."

सिंगापूर ते मुलुंड

उतरताना परत तेच पट्टे, तेच कागद. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने बायकोचा पासपोर्ट घेतला, पडद्याकडे बघितलं, शिक्का मारावा तसा बोर्डिंग पास पुढे सरकवला. मी रात्रभर रंगवलेली भाषणं घशातच राहिली. ती दुसऱ्या रांगेत, मी शेवटून दुसऱ्या, संडासाच्या दाराला टेकून. साडेपाच तास ते दार माझ्या खांद्याजवळ उघडत होतं आणि मिटत होतं. पुढे तिच्या अंबाड्याचं टोक दिसतंय का म्हणून एकदोनदा उठलो. हवाईसुंदरीने बसवलं.

मुंबईला विमान टेकलं आणि फोन जिवंत झाला. जावई नितीनचा मेसेज होता: अर्चनाला मघाशीच कळा सुरू झाल्या, नर्सिंग होममध्ये आणलंय, डॉक्टर उद्यापर्यंत थांबायला तयार नाहीत. पुढचे लोक उतरत होते. माझ्यापुढे पंचवीस रांगा बॅगा काढत उभ्या. मी धक्काबुक्की केली, शिव्या खाल्ल्या, दिल्या. पासपोर्टाच्या रांगेपाशी पोचलो तेव्हा बायकोचा मेसेज आला: "मी पुढे निघाले. बॅगा तुम्ही आणा."

माझ्याशिवाय दादरच्या पुढे न गेलेली बाई. अंधेरीहून मुलुंडला, एकटी, टॅक्सीने. मी फोन केला, उचलला नाही.

बॅगा शेवटी आल्या. टॅक्सी पवईला अडकली ती अडकलीच. तलावाच्या कडेने गाड्या मुंगीसारख्या. टॅक्सीवाल्याशी भाव करायचा राहून गेला होता, तेही तिथे ध्यानात आलं. आणि नवल म्हणजे मला भांडायचा कंटाळा आला होता. मी डोकं मागे टेकलं आणि मनात नुसतं म्हणत राहिलो, ती पोचलेली असू दे.

मुलुंडला नर्सिंग होमचा जिना दोन बॅगा घेऊन चढलो. वर नितीन आणि त्याची आई बसली होती. नितीन उठला.

"बाबा, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"आणि आई?"

"आई वेळेवर आल्या. आत नेईपर्यंत अर्चनाचा हात धरून होत्या. अर्चना त्यांची वाट बघत ऑपरेशनच्या कागदावर सही करत नव्हती."

मी बॅगेवरच बसलो. तेवढ्यात नर्स बाहेर आली, हातातला कागद बघून म्हणाली, "हेमलता परब कोण? पेशंट बोलावतेय."

नितीनच्या आईने नितीनकडे बघितलं. "कोण बाई ही? आपल्यात नाही हो कोणी हेमलता. दुसऱ्या पेशंटचं असेल."

बायकोने आल्या आल्या नातेवाईक म्हणून सही केली असणार, आणि ओळखपत्र म्हणून हाताशी पासपोर्टच होता.

"आमचीच आहे," मी म्हणालो. "कुठे गेली?"

"आई होय? त्या खाली चहाला गेल्यात," नितीन म्हणाला.

मी उठून जिन्याच्या कठड्याशी गेलो. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत मी तिला अगं म्हटलं, ऐकलंस का म्हटलं, अर्चनाची आई म्हटलं. तांदळात लिहिलेल्या नावानेसुद्धा कधी हाक मारली नव्हती. आमच्याकडे मारत नाहीत. मी कठड्यावरून वाकलो आणि खाली आवाज दिला.

"हेमलता."

नितीनच्या आईने पदर सावरला. खाली चहाच्या कपांचा आवाज थांबला. मग पायऱ्यांवर चपला वाजायला लागल्या, आणि त्यांच्याआधी तिचा आवाज वर आला.

"आले हो. दवाखाना आहे, ओरडू नका."